तुळईवरच्या रेघा

माझ्या शेडमध्ये खिडकीखाली सागवानी तुळईचा एक तुकडा ठेवलेला आहे. लांबी साडेचार फूट, जाडी नऊ इंच बाय सात. औसा तालुक्यातल्या एका घराच्या माळवदातून तो १९९३ साली निघाला. तीन बाजूंना रंधा लागलेला आहे. चौथी बाजू वर, मातीकडे असायची. ती कुणाला दिसणार नव्हती म्हणून सुतारानं तशीच सोडली. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं की त्या बाजूवर रेघा उठून दिसतात. रेघा सरळ आहेत पण एकसारख्या नाहीत. काही अंतर विरळ, मग हळूहळू दाट, मग पुन्हा एकदम विरळ आणि जरा वेगळ्या कोनात.

या रेघा मला वाचता येतात. विरळ रेघ म्हणजे करवतीनं एका ओढीत जास्त लाकूड खाल्लं, माणसं ताजी होती. दाट व्हायला लागल्या म्हणजे हात भरून आले. जिथं कोन बदलला तिथं दोघं थांबले, पाचर पुढं सरकवली, पाणी प्याले, बिडी ओढली आणि पुन्हा उभे राहिले. या तुकड्यावर असे दोन थांबे आहेत. गोल पात्याच्या आरा मशीनवर कापलेल्या लाकडावर कमानीसारख्या रेघा पडतात. पट्ट्याच्या करवतीच्या रेघा उभ्या, बारीक आणि अगदी सारख्या असतात. त्यामुळं जुन्या घराचं लाकूड उलटून पाहिलं की ते माणसानं कापलं, इंजनानं कापलं की विजेच्या मोटारीनं, हे चटकन कळतं. माझं शिक्षण आयटीआयचं, नोकरीही आयटीआयमध्येच फिटर शिकवण्यात गेली. इतिहासाचं पुस्तक मी उशिरा उघडलं. पण हे वाचन मला लहानपणीच आलं, कारण माझे वडील, आबा, आराकश होते.

आराकश म्हणजे लाकूड चिरणारा. निजामाच्या राज्यात नांदेडच्या बाजारात उर्दू शब्द सहज चालत, त्यातलाच हा. सुतार वेगळा, आराकश वेगळा. सुतार चौकट करतो, जोड बसवतो, नक्षी काढतो. आराकशानं ओंडक्याची तुळई, तुळईच्या कड्या आणि कड्यांच्या फळ्या करून द्यायच्या, एवढंच. घर बांधल्यावर सुताराला टोपी-उपरणं मिळे. आराकश तोवर दुसऱ्या गावी गेलेला असे. आपल्या भाषेनं मात्र त्याच्या हत्याराला चांगलं लक्षात ठेवलंय. काशीची करवत घेणं हा वाक्प्रचार जुनी माणसं अजून वापरतात. लुगड्याच्या काठाला करवतकाठी म्हणतात ते त्या दातेरी नक्षीवरून. हत्याराचं नाव काठापर्यंत गेलं, ते चालवणाऱ्याचं कुठंच नाही, याचं मला वाईट वाटतं आणि म्हणूनच हे लिहितोय.

आबांचे जोडीदार वयानं मोठे होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ओंडका घोडीवर तिरपा चढवायचा, टोकाला दगडांचा आधार द्यायचा आणि साखळीनं आवळायचा. मग सूत मारायचं. सुती दोरी गेरूत भिजवून दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये उचलून सोडली की लाकडावर लाल सरळ रेघ उमटते. चाचा वर चढायचे, आबा खाली. वरच्यानं करवत उचलायची आणि सुतावर नजर ठेवायची, खालच्यानं ओढायची. कापणी होते ती खाली येतानाच. सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर. आबा डोक्याला पंचा गुंडाळून त्याची झालर डोळ्यांवर ओढून घेत, तरी संध्याकाळी त्यांचे डोळे लाल असत आणि आई त्यात दुधाची बोटं फिरवी. मजुरी चौरस फुटावर. गाठ आली, करवत अडली, तरी फूट तेवढाच धरायचा.

आबांकडे दोन मोठ्या करवती होत्या. एक उभ्या कापणीची आणि एक आडव्या. फरक दात्यांत असतो. उभ्या कापणीत धाग्याच्या दिशेनं जायचं असतं, म्हणून तिचे दाते छिन्नीसारखे, समोरून सपाट. आडव्या कापणीत धागे तोडायचे असतात, म्हणून दाते सुरीसारखे, एक डावीकडून धारेला, दुसरा उजवीकडून. दोन्हींचे दाते एक आड एक थोडे बाहेर फाकवायचे, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही. किती फाकवायचे हे लाकडावर. ओली बाभूळ असली तर जास्त, वाळला साग असला तर कमी. रोज संध्याकाळी आबा करवत दोन फळ्यांत आवळून मांडीशी घेत आणि तीनधारी कानस चालवत. प्रत्येक दात्याला तीन घास, ना कमी ना जास्त. एखाद्या दात्याला चौथा घास बसला तर तो दाता ठेंगणा होतो आणि शेजारचा दुप्पट काम करून मोडतो. शेवटी करडईच्या तेलाची चिंधी पात्यावरून फिरायची. पुढं आयटीआयमध्ये मी शेकडो पोरांना कानस धरायला शिकवली, ती आबांच्या मांडीवर शिकलेली होती.

लाकूड यायचं किनवटकडून. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना सागाचं रान. जंगल खातं कूप म्हणजे तोडीचे पट्टे पाडायचं, ठेकेदार लिलाव घ्यायचा, तोड व्हायची. ओंडक्यावर खात्याच्या हातोडीचा शिक्का बसल्याशिवाय तो हलवता येत नसे. तो शिक्का लाकडाच्या टोकावर खोल उठतो आणि टोक कापलं नाही तर शंभर वर्षंही राहतो. मुदखेडहून किनवटवरून आदिलाबादला जाणारी मीटरगेज होती. तिच्यानं लाकूड खाली येई, तिथून वखारीत आणि वखारीतून बैलगाड्यांनी लोहा, कंधार, अहमदपूरच्या बाजूला.

लातूरला स्वतःचं जंगल नाही. आजही जिल्ह्याच्या एक टक्काही जमिनीवर वन नाही. बांधावर बाभूळ, लिंब, चिंच, आंबा. बाभळीचा नांगर, तिफण, गाडीचा साटा होतो, पण पंधरा फुटांची सरळ तुळई बाभळीतून निघत नाही. त्यामुळं लातूर आणि औशाकडच्या माळवदातला साग सगळा बाहेरून आलेला आहे, किनवटच्या रानातून आणि ज्याचं घराणं मोठं त्याच्याकडे ब्रह्मदेशातून. कुर्डुवाडी-बार्शीची अडीच फुटी रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. तेव्हापासून लातूरचा बाजार पश्चिमेकडच्या मालाला मोकळा झाला आणि मुंबई बंदरात उतरलेला ब्रह्मी साग आतपर्यंत येणं सोपं झालं. किनवटचा साग आणि ब्रह्मी साग आबा भुशाच्या वासावरून वेगळा सांगत. मला ते कधी जमलं नाही.

एक आठवण इथंच सांगून टाकतो. १९४७ मध्ये हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला तेव्हा मराठवाड्यात गावोगाव शिंदीची झाडं तोडली गेली. शिंदीच्या महसुलावर सरकारची तिजोरी चाले, म्हणून झाडावरच घाव. आबा तेव्हा विशीत होते. त्यांनीही एका रात्री पंधरा-वीस जणांबरोबर झाडं पाडली. ते सांगायचे, "कुऱ्हाडी नेल्या होत्या, करवत नाही नेली. करवतीचा आवाज एका जागी लई वेळ होतो, माणूस सापडतो." स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत त्यांनी नाव घातलं नाही. माझ्या माहितीत हत्याराच्या आवाजाचा असा विचार केलेला दुसरा माणूस नाही.

साठच्या दशकात वखारींमध्ये इंजनं आली. आली म्हणजे पुण्या-मुंबईकडे आधीच होती, आमच्याकडे तेव्हा पोचली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजन तयार होऊ लागलं होतं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं मंद गतीचं, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचं इंजन तर इतकं सोपं आणि टिकाऊ निघालं की राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला वर्षानुवर्षं काढल्या. आमच्याकडे त्याला नुसतं राजकोटी म्हणत. पिठाच्या गिरणीत तेच, विहिरीवर तेच, उसाच्या चरकाला तेच आणि वखारीत आरा फिरवायलाही तेच.

आबा ज्या वखारीत लागले तिथं दहा हॉर्सपॉवरचं इंजन, कातड्याचा पट्टा आणि तीन फुटी गोल पातं होतं. इंजन सुरू करायला दोन माणसं लागत. एकानं झडप उचलून धरायची, दुसऱ्यानं हँडल मारायचं, चाकाला वेग आला की पहिल्यानं झडप सोडायची आणि दुसऱ्यानं हँडल झटक्यात काढून घ्यायचं. नाहीतर मनगट गेलं. आबांनी चाचांबरोबर आठवडाभर चिरलेलं लाकूड तिथं दुपारपर्यंत निघायचं. चीर मात्र तिप्पट रुंद, म्हणजे तेवढा साग भुशात. आबांना त्याचा फार त्रास व्हायचा. भुसा मुठीत घेऊन म्हणायचे, "ही एक फळी गेली बघ." चाचांनी मशीनवर काम करायला नकार दिला आणि ते शेवटपर्यंत खेड्यापाड्यांत हातानंच चिरत राहिले. आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या पात्यानं नेली. पात्यावर झाकण नव्हतं, तेव्हा कुणाच्याच पात्यावर नसायचं.

पुढचं थोडक्यात. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आधीच होता. मग निलंबूरच्या राजघराण्यातले गोदावर्मन तिरुमुलपाद सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानं देशभरातली जंगलतोड कार्ययोजनेला बांधली गेली. २००२ नंतर नवी आरा गिरणी न्यायालयाच्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय निघेना. नांदेड-किनवटकडच्या कितीतरी वखारींना तेव्हापासून कुलपं लागली ती लागलीच. रान वाचायला हवं होतं, आदेश योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आबांचंही तेच मत होतं. माझं दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. त्या बंद वखारींतली इंजनं, पाती, कानशी वजनावर भंगारात गेली आणि कुणी एकाचाही फोटो काढून ठेवला नाही.

जुन्या करवती आणि यंत्रं दुरुस्त करून ठेवायच्या छंदात मी आलो तो मात्र त्याआधी, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं.

३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं आणि माणसं दमून झोपली होती. मी तेव्हा लातूरला होतो. उजाडायच्या आत आम्ही सात-आठ मास्तर आणि वसतिगृहातली पोरं एका टेम्पोतून किल्लारीच्या दिशेनं निघालो. पंचेचाळीसेक किलोमीटर. प्रत्येकानं जे हाताला लागलं ते घेतलं, पहारी, टिकाव, घमेली. मी आबांची आडव्या कापणीची करवत घेतली. का घेतली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तिथली घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन दोन, तीन तीन फूट जाड भिंती आणि त्यावर माळवद. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर, सात खणांचं घर अशी ऐपत मोजायची. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर दरसाल पावसाळ्याआधी पसरलेली माती, दोन-अडीच फूट साचलेली. भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, ते ढासळले. पण जिथं खांब मजबूत होते आणि सांधे नीट होते, अशा कित्येक घरांत भिंती गेल्या तरी सागाचा खण उभा राहिला आणि खाली माणसं वाचली. जिथं खांब सरकले तिथं सगळं ओझं खाली आलं.

एका घरात तुळईखाली एक बाई कमरेपासून अडकली होती आणि बोलत होती. तुळई उचलता येईना, कारण तिच्या दुसऱ्या टोकावर माती होती. कापायलाच हवी होती. मी करवत लावली आणि समोरचं टोक एका पोराच्या हातात दिलं. त्याला ती ठाऊक नव्हती. तो ढकलायला लागला आणि पातं वाकायला लागलं. दोन माणसांची करवत फक्त ओढायची असते, कधीच ढकलायची नसते. आपण ओढून झालं की हात सैल सोडायचा, समोरचा ओढतो. आबांनी मला सांगितलेलं तेच वाक्य मी त्याला सांगितलं, "ओढ आणि सोड." चार ओढींनंतर त्याला लय सापडली. वाळून लोखंड झालेला नऊ इंची साग. आम्हाला पाऊण तास लागला असेल. बाई वाचली. तीन घरं पलीकडे असाच एक आवाज येत होता, तो आम्ही पोचायच्या आधी बंद झाला.

तुळईचा तो तुकडा घरच्या माणसांनी नंतर मला दिला. तोच खिडकीखाली आहे. त्याच्या आडव्या टोकावर माझ्या आणि त्या पोराच्या रेघा आहेत, सुरुवातीला वेड्यावाकड्या आणि मग सरळ. उभ्या बाजूवर ज्या आहेत त्या कुणाच्या ते मला सांगता येणार नाही. आबा-चाचांच्या असणंही अशक्य नाही, अहमदपूर-औशाकडे ते दोघं कामाला जात.

त्या पाऊण तासानं मला साखळी करवतीकडे नेलं. असं एक यंत्र जगात आहे जे हेच काम मिनिटभरात करतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, हातात कधी आलं नव्हतं. मग मिळेल ते वाचत गेलो. आंद्रेआस श्टील या जर्मन माणसानं १९२६ मध्ये श्टुटगार्टला विजेवर चालणारी साखळी करवत काढली. ती उचलायलाच दोघं लागत. १९२९ मध्ये पेट्रोलवरची आली, तिचंही वजन सेहेचाळीस किलो. एका माणसानं चालवायची पेट्रोल करवत त्याच कारखान्यातून १९५० मध्ये निघाली आणि १९५९ मध्ये गिअर नसलेली, हलकी. पण यंत्र हलकं होऊन भागत नव्हतं, साखळीचे दाते चुकीचे होते. ते हातकरवतीची नक्कल होते आणि सारखे बोथट होत. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एक ओंडका न्याहाळत बसला होता. त्यात अळी होती. आपल्याकडे आंब्याच्या खोडात भिरूड लागतो, तसलीच लाकूड पोखरणारी. ती धाग्याच्या दिशेनं जाते आणि धाग्याला आडवीही जाते, दोन्हीकडे सारख्याच सहजतेनं. कॉक्सनं पाहिलं की तिचे जबडे आळीपाळीनं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे खरवडतात. त्यानं साखळीला तसे कोयत्यासारखे वळलेले दाते केले, एक डावा, एक उजवा. पुढच्याच वर्षी तो ती साखळी विकू लागला. आज जगातली जवळपास प्रत्येक साखळी त्याच घडणीची आहे.

हे वाचलं तेव्हा मी उठून आबांची आडवी करवत पाहिली. एक दाता डावीकडून, दुसरा उजवीकडून. कॉक्सला अळीनं जे शिकवलं त्यातला अर्धा भाग आमच्या करवतीत आधीपासून होता.

माझी पहिली साखळी करवत मला २००४ मध्ये नांदेडला इतवाऱ्यात भंगारवाल्याकडे गोणपाटात सापडली. श्टील ०७०. हे १०६ सीसीचं अवजड यंत्र कंपनीनं १९६८ च्या सुमारास काढलं आणि उष्ण मुलखातल्या जंगलांसाठी पुढं कित्येक वर्षं बनवलं. पिस्टन जाम, दोरी तुटलेली, पट्टीच्या खाचेत दगडासारखी घट्ट झालेली काजळी. भंगारवाल्यानं तराजूत टाकून पैसे सांगितले. मी घासाघीस केली नाही.

आठ दिवस सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवलं. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकलं तेव्हा पिस्टन केसभर हलला. सिलिंडर उतरवला. भिंतीवर ओरखडे नव्हते, रिंग फक्त जळक्या तेलानं चिकटली होती. कार्बोरेटरचा पडदा वाळक्या पापडासारखा कडक, तो नवा लागला. क्रँकच्या दोन्ही ऑइल सीलवरचे आकडे भिंगातून वाचून नांदेडच्या दुकानातून त्याच मापाचे आणले. दोन ठोक्यांच्या इंजनात सील गळकं असलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून चिकटतो. राजदूत आणि चेतक ज्यांनी दुरुस्त केल्या त्यांना हे सांगावं लागत नाही. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि अंतर ०.४ मिलिमीटरवर लावलं. कंडेन्सर मेला होता, तिथं राजदूतचा बसवला. माझे एक स्नेही एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, ही कल्पना त्यांची. ते म्हणाले, "ठिणगीला कुठं कंपनी कळती?"

साखळीला धार लावायला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस लागते. कोन तीस अंश. प्रत्येक दात्याला तीन घास. एका बाजूचे सगळे डावे दाते आधी, मग फिरवून सगळे उजवे. प्रत्येक दात्यापुढं एक बुटका उंचवटा असतो, दात्यानं किती खोल चावायचं ते तो ठरवतो. तो जास्त घासला तर साखळी लाकडाला धरून बसते आणि यंत्र हातातून उसळतं. धार बरोबर लागली आहे हे भुशावरून ओळखायचं. पिठासारखा बारीक आला तर दाते बोथट, शेवेसारखे तुकडे पडले तर धार चांगली. आबासुद्धा असाच भुसा चिमटीत घेऊन बघत.

पंचवीस भाग पेट्रोल आणि एक भाग टू-टी तेल. दोरीला सोळाव्या झटक्याला ती बोलली. पहिल्यांदा दोन ठोके आणि धूर, मग पुन्हा शांत. मग चोक सोडून ओढली तेव्हा असा आवाज आला की शेजारच्या प्लॉटवरचे गवंडी काम थांबवून बघायला आले. वयाच्या पन्नाशीत इतका आनंद मला दुसऱ्या कशानं झाल्याचं आठवत नाही. या जुन्या यंत्राला आजच्यासारखे रबरी हादरेरोधक नाहीत, दहा मिनिटांत हाताला मुंग्या येतात. साखळी थांबवणारा ब्रेकही नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर सगळं यंत्र डोक्याच्या दिशेनं उसळतं. म्हणून मी ती दहा मिनिटांच्या वर चालवत नाही, जाड बूट आणि डोळ्यांवर जाळी असल्याशिवाय दोरीला हात लावत नाही, आणि एकटा असताना कधीच सुरू करत नाही. आबांच्या बोटांचा मला विसर पडलेला नाही.

आता शेडमध्ये चार साखळी करवती, एक राजकोटी इंजन आणि हातकरवती अकरा आहेत. सगळ्या चालतात. जे चालत नाही त्याला मी दुरुस्त झालं म्हणत नाही. उभं झाड आम्ही कापत नाही. वादळानं पडलेली बाभूळ, वाळून गेलेला लिंब कुणी आणून दिला, कागद व्यवस्थित असला, तर रविवारी सकाळी जमतो. मी, एसटीचे स्नेही आणि मोटार वाइंडिंग करणारा माझा एक जुना विद्यार्थी. गेल्या उन्हाळ्यात दहा इंची वाळकी बाभूळ दोन्ही प्रकारांनी कापून वेळ घेतला. हातकरवतीनं आम्हा दोन म्हाताऱ्यांना अकरा मिनिटं, ०७० नं अर्ध्या मिनिटाच्या आत. किल्लारीला ही माझ्याजवळ असती तर, हा विचार त्या दिवशीही आला. दर वेळी येतो.

विद्यार्थ्याची मुलगी नववीत आहे. ती मागच्या महिन्यात आली होती. ०७० चा आवाज तिला आवडला, पण ती थांबली ती हातकरवतीपाशी. मी तिला समोरचं टोक दिलं आणि ओढ आणि सोड म्हणालो. तिसऱ्या ओढीलाच तिला लय आली. कापून झाल्यावर तिनं बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, या माझ्या रेघा कोणत्या आणि तुमच्या कोणत्या?" मी तिला दाखवल्या.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. नांदेड, लातूर, धाराशिव, बीडकडची माळवदं आता भराभर उतरताहेत, त्यांच्या जागी स्लॅब येतोय, आणि तसं व्हायलाच हवं. पण घर उतरवाल तेव्हा तुळईची मातीकडची बाजू तिरप्या उजेडात एकदा बघा आणि तिला रंधा लावण्याआधी फोटो काढा. टोकाला हातोडीचा शिक्का दिसला तर तेवढं टोक कापून वेगळं ठेवा. आणि माळ्यावर दोन मुठींची करवत निघाली तर भंगारवाल्याला देऊ नका. करडईच्या तेलाची चिंधी फिरवा, दात्यांना सुतळी गुंडाळा आणि ओल लागणार नाही अशा जागी खुंटीला आडवी टांगा.